धाकट्याची हमी

४ फेब्रुवारी

शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर आम्हा दोघींना मिळून एकच चादर द्यायच्या. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला टाचणी. तिला टाचणी म्हणायचे, कारण ती काडीसारखी होती आणि बोलली की टोचायची. किनार दुमडत, टाके घालत आम्ही एकमेकींकडे सरकत यायचो. लांब खिडक्यांतून दुपारचं ऊन त्या पांढऱ्या कापडावर पडलेलं असायचं आणि मला वाटायचं, आपण दोघी एखाद्या शांत तळ्याच्या काठाकाठाने चाललो आहोत. मी बडबडी, म्हणून माझे टाके कमी भरायचे. भेटायचो तेव्हा ती माझ्या हद्दीत वीतभर तरी आलेली असायची. तेवढं ऐकवायची आणि मग डब्यातलं अर्धं सफरचंद माझ्यापुढे सरकवायची.

आज हे आठवलं, कारण पॅरोल मंडळाचं पत्र आलं. धाकट्याची सुनावणी वीस मार्चला आहे. मृताच्या कुटुंबाचं म्हणणंही ऐकलं जाईल, असं खाली लिहिलंय. मृताचं कुटुंब म्हणजे टाचणी. माझ्या धाकट्या भावाने तिच्या नवऱ्याचा खून केला, त्याला एकोणीस वर्षं झाली.

आमच्या वडिलांचं मनगटी घड्याळ तिच्या नवऱ्याच्या दुकानात दुरुस्तीला दिलं होतं. आतली यंत्रं बदलली, असा धाकट्याला संशय आला. भांडण झालं, त्याने काउंटरवरचा लोखंडी स्टँड उचलला. एकदा नाही, तीनदा. वकील कोर्टात ‘रागाच्या भरात’ म्हणाला. पहिला घाव रागाच्या भरात असेल. तिसऱ्याचं काय, हे मी त्याला भेटीच्या खिडकीतून कधी विचारलं नाही.

आता नियम असा आहे की सुटून येणाऱ्याला एक हमीदार लागतो. त्याने हमीदाराच्याच घरात राहायचं. हमीदार नसला तर सुटका नाही, आणि पुढे कधी हमीदार उरला नाही तर माणूस परत आत. धाकट्याला माझ्याखेरीज कोणी नाही. त्या रकान्यात मी नाव लिहिलं. सिस्टरांनी शिकवलेलं अक्षर अजून टिकून आहे.

६ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिला सांगायलाच हवं होतं.

“आई, तुला कळतंय का तू काय करतेयस?”

“खोली रिकामीच तर आहे.”

“खोलीचं कोण बोलतंय! त्या तिकडच्या शहरात पॅरोलवर सुटलेल्याने काय केलं, वाचलंस ना? लोक उगाच म्हणतात का, पूर्ण शिक्षा म्हणजे पूर्ण शिक्षा?”

“तो माणूस वेगळा गं.”

“प्रत्येकाची बहीण तेच म्हणते. माझं पोर मी त्या घरात पाठवणार नाही, सांगून ठेवते.” मग जरा थांबून, “डॉक्टरांकडे गेली होतीस?”

मी म्हटलं, जाईन. तिला विषय बदलायची सवयच आहे. निवडणूक आली की ही पोरगी मला पत्रकासारखी वाटायला लागते.

९ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या शिंपी मास्तरांच्या दुकानात झेंड्यांचा ढीग लागलाय. एका पक्षाला पॅरोलचा कायदाच रद्द करायचाय, दुसऱ्याला तो वाढवायचाय. मास्तर दोघांचे झेंडे शिवतात.

“तुम्ही कुणाकडून, मास्तर?”

“मी शिलाईकडून, ताई. बायको मात्र कडक शिक्षावाली. काल म्हणाली, तुम्हाला लग्नानंतर पॅरोल दिला तीच माझी चूक.”

आतून त्यांची बायको म्हणाली, “चूक नाही तर काय? वर्तणूक बघून द्यायचा असतो तो!”

आम्ही तिघंही हसलो. मग मास्तरांनी कात्री खाली ठेवली. “तुमचा भाऊ येतोय म्हणे?” मी हो म्हटलं. ते पुन्हा कापायला लागले. जिना चढून वर आले तेव्हा दम लागला होता. हा जिना पूर्वी इतका उंच नव्हता.

१३ फेब्रुवारी

धाकट्याचं पत्र. तो तिथे बांधणी विभागात आहे, सरकारी रजिस्टरं बांधतो. त्याचं पत्रही बांधीव असतं, कडा जुळवून दुमडलेलं. लिहितो :

“ताई, एक विचारायचं होतं. तिथे दिवा मीच मालवायचा का? इथे तो कधीच मालवत नाहीत. दुसरं, किती वाजता उठायचं ते तू सांगशील ना? आणि हे सगळं नाही जमलं तरी चालेल. इथे नवीन पोरांना सुई कशी धरायची ते मीच दाखवतो. साहेब म्हणतात, तू गेलास की खोळंबा होईल.”

वाचून बरं वाटलं. इतका उपयोगी पडतो तर बाहेर आल्यावर नक्कीच रमेल. आनंद आवरत नाही त्याला, म्हणून असं वाकडं लिहितो. लहानपणीही असाच होता, सहलीला जायच्या आदल्या दिवशी म्हणायचा, मी नाही आलो तरी चालेल.

दुपारी आरामखुर्चीत डोळा लागला. तो सहा वर्षांचा आणि मी अठराची. मी त्याचं बोट धरून एका लांबलचक व्हरांड्यातून नेतेय, दोन्हीकडे दिवेच दिवे, आणि तो एकेका दिव्यावर फुंकर घालतोय. एकही विझत नाही. जागी झाले तेव्हा ऊन माझ्या पायांवरून भिंतीवर चढलं होतं.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे जाऊन आले. हृदयाची झडप म्हणे. “हे काम पुढे ढकलण्यासारखं नाही,” असं दोनदा म्हणाले. मी विचारलं, एप्रिलपर्यंत? ते माझ्याकडे बघत राहिले. तरुण डॉक्टर फार घाबरट असतात. अजून तपासणीला अधिकारी यायचेत, सुनावणी व्हायचीय. हमीदार इस्पितळात पडलेला दिसला तर मंडळ काय म्हणेल? गोळ्या घेतल्या नि आले.

लेकीला सांगितलं, सगळं ठीक आहे.

२१ फेब्रुवारी

पॅरोल अधिकारी बाई घर बघायला आल्या. चाळिशीच्या, पायात सपाट बूट, हातात फीत. खोली मोजली, खिडकीचा कडी-कोयंडा पाहिला, शेजारच्यांशी बोलल्या. मी दिलेला चहा घेतला नाही. नियमात नसेल.

“तो रागावला तर तुम्ही काय कराल?”

“तो नाही रागावायचा.”

“मी ‘रागावला तर’ म्हटलं, बाई.”

खरं सांगायचं तर त्या येण्याआधी मी इस्त्री कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, ब्लँकेटांमागे ठेवली होती. तिला वजन आहे म्हणून. मग स्वतःचीच लाज वाटली. पण खाली काढली नाही. त्यांनी कपाट उघडलं, ब्लँकेटं सारली, इस्त्री पाहिली आणि दार लावलं. वहीत काहीतरी लिहिलं. संपलं, असं मला वाटलं.

जाताना म्हणाल्या, “जिना चढताना मध्ये थांबत जा. आणि मृताच्या कुटुंबाशी कसलाही संपर्क ठेवायचा नाही. फोन नाही, पत्र नाही, निरोप नाही. तो दबाव समजला जातो. कळलं?”

मी मान डोलावली. बाई फार कोरड्या आहेत.

२६ फेब्रुवारी

पत्र लिहिलं.

चूक आहे, मला माहीत आहे. पण टाचणी सुनावणीला येणार, मी येणार, आणि एकोणीस वर्षांत मी तिच्याशी एक शब्द बोललेली नाही, ही चूक त्याहून मोठी आहे. बाजारात ती दिसली की मी गल्ली बदलायची. सिस्टर म्हणायच्या, माफी मागायची तर स्वतः जाऊन, पूर्ण वाक्यांत, आणि बदल्यात काही न मागता. म्हणून पॅरोलचं नावही घेतलं नाही. आधी शाळेचं लिहिलं, कारण एकदम माफीवर यायला जीभ वळेना, म्हणजे पेन वळेना. तीन पानं झाली.

१ मार्च

स्वतः नेऊन दिलं. दुकानाचं अर्धं शटर उघडं असतं. आत ती बसते, आता नुसते पट्टे आणि बॅटऱ्या विकते. ती पाठमोरी होती. वेणीचा अंबाडा झालाय आणि अंबाडाही चिंचोक्याएवढा राहिलाय. पत्र काउंटरवर ठेवलं आणि निघाले. पळाले म्हटलं तरी चालेल. या वयात, या छातीने.

वाटेत एका बाकावर बसले. सगळी घड्याळं एकदम टिकटिकतायत, असं बराच वेळ वाटत राहिलं.

८ मार्च

कसं लिहू? टाचणीचा मुलगा कडक शिक्षेच्या पक्षाचा उमेदवार आहे. संध्याकाळी चौकात त्याची सभा होती. मी खिडकीत बसून ऐकत होते. आणि माझीच वाक्यं ध्वनिक्षेपकातून परत आली.

“हे पत्र! खुन्याच्या बहिणीने माझ्या आईच्या दुकानात गुपचूप ठेवलेलं! सुनावणीच्या तीन आठवडे आधी! याला माफी म्हणतात की दबाव?”

लोक ओरडले, दबाव! मी खिडकी लावली नाही. तो पुढे म्हणाला, आणि आता आवाज उतरला होता, “मी अकरा वर्षांचा होतो. मागच्या खोलीत गणितं सोडवत होतो. मला सगळं ऐकू आलं.” तो खोटं बोलत नव्हता. तीन घाव त्यानेही मोजले असतील.

९ मार्च

सकाळीच अधिकारी बाई आल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, “मी सांगितलं होतं.”

“हो.”

“मग?”

“मी पॅरोलबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.”

“नियमात अक्षरं मोजत नाहीत.” मग बसल्या. “आता मंडळ काय करेल ते मी सांगू शकत नाही. बहुतेक नामंजूर. पाणी द्या जरा.” मी उठले तर म्हणाल्या, “राहू दे, कुठे आहे ते माहितीये मला,” आणि आत जाऊन दोन पेले घेऊन आल्या. एक मला दिला. तहान त्यांना लागली होती आणि मलाही पाजलं, गंमतच.

दुपारी लेक आली, चपलाही न काढता.

“गावभर तुझं नाव झालं! कशासाठी, आई? तो तिकडे दोन वेळा जेवतो, रजिस्टरं बांधतो. तू एकोणीस वर्षं दर महिन्याला चार तासांचा प्रवास करून त्या खिडकीपाशी उभी राहतेस. त्याची शिक्षा संपेल गं. तुझी कधी संपणार?”

पक्षवाल्यांची भाषा किती चटकन तोंडात बसते. तिने माझ्या गोळ्यांची डबी उचलली, नाव वाचलं, फोनमध्ये फोटो काढला. काय करणार आहे कुणास ठाऊक.

१२ मार्च

दुसऱ्या पक्षाची दोन मुलं आली, कॅमेरा घेऊन. फार गोड बोलली. “सुधारलेल्या माणसाची बहीण म्हणून चार शब्द बोला.”

“तो सुधारला की नाही ते मला अजून माहीत नाही,” मी म्हटलं.

“असं नका म्हणू, आजी. जरा खिडकीकडे बघा. आठवण आल्यासारखं.”

आठवण येतच होती, पण त्यांच्या कामाची नव्हती. वडिलांच्या मनगटावर धाकट्याने कान ठेवला होता, घड्याळ ऐकायला. मी त्या मुलांना चहा दिला आणि परत पाठवलं. खाली मास्तर त्यांना म्हणताना ऐकलं, “झेंडे उद्या मिळतील, ताईंना सोडा.”

२० मार्च

सुनावणी झाली. जसं झालं तसं लिहिते.

तीन जिने. दुसऱ्यावर मी कठडा धरून उभी राहिले, डोळ्यांपुढे सगळं पांढरं, धुतलेल्या कापडासारखं. कुणीतरी कोपराला धरलं, “मावशी, बसा इथे. सावकाश,” म्हणालं. वर पाहिलं तर टाचणीचा मुलगा. त्यालाही मग कळलं की आपण कुणाला मावशी म्हणालो. लहानपणी म्हणायचा. हात काढून घेतला आणि भरभर वर गेला. पण आधी मला बसवलं.

खोलीत एक लांब टेबल, पलीकडे तिघे जण. धाकटा पडद्यावर दिसत होता, तुरुंगातून. पाठीमागे लेक येऊन बसली होती. विरोध नोंदवायला आली असणार, मी मान वळवली नाही.

अध्यक्षांनी टाचणीला विचारलं, “या पत्रामुळे तुमच्यावर दबाव आला का?”

“दबाव?” तिचा आवाज अजून तसाच. “तीन पानांचं पत्र आहे साहेब. अडीच पानं शिवणाचा तास. माफी शेवटच्या चार ओळींत. शाळेतही ही अशीच. हिच्याने कुणावर दबाव येत नाही, नुसती झोप येते.”

कोणीतरी हसलं. ती हसली नाही.

“म्हणजे तुम्ही त्याला माफ केलंय?”

“मी असं कुठे म्हटलं?”

मुलगा उठला, “आई, मी काय सांगितलं होतं...”

“तू खाली बस. वडिलांचा फोटो प्रत्येक पत्रकावर छापलास, दुकानाचं शटर एकदा तरी वर केलंस का?” तो बसला. तिने हातही फिरवला असता त्याच्या पाठीवरून, असं वाटलं मला, पण मध्ये दोन खुर्च्या होत्या. मग ती अध्यक्षांकडे वळली. “तुमच्या कागदात एक अट आहे. सुटलेल्याने माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या लांब राहायचं. कुणासाठी आहे ती?”

“तुमच्या संरक्षणासाठी.”

“मग मला नको ती. एकोणीस वर्षं मी रोज ते काउंटर पुसते. तो एका भिंतीमागे बसलाय, त्याला ते काउंटर दिसत नाही. सोडायचं तर सोडा, नाही तर नका सोडू, ते तुमचं काम. पण सोडलात तर त्याने रोज सकाळी दुकानासमोरून जायचं. मान वर करून, आत बघून. हीच माझी मागणी.”

पडद्यावर धाकट्याने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. अध्यक्षांनी विचारलं, हे मान्य आहे का? मला वाटलं, पडदाच थांबला. मग म्हणाला, “मला भीती वाटते.” आणि नंतर, “हो.”

बाहेर व्हरांड्यात टाचणी माझ्यासमोरून गेली. थांबली. “घाम पूस,” म्हणाली आणि जिना उतरली.

अधिकारी बाई कागद आवरत होत्या. सहज म्हणाल्या, “लोक काय काय विचारतात. परवा एक फोन आला कार्यालयात. घरी लहान मूल असलं तर हमीदार होता येतं का, दुसरा हमीदार म्हणून नाव नंतर जोडता येतं का.” मी म्हटलं, कुठल्या तरी बिचारीच्या घरीही असंच चाललं असेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. पहिल्यांदाच. दात छान आहेत त्यांचे.

२८ मार्च

मंजूर. नऊ एप्रिल.

१० एप्रिल

काल तो आला. निकाल लागून झेंडे उतरलेत, रस्ता रिकामा रिकामा वाटत होता. टाचणीचा मुलगा निवडून आला.

धाकटा माझ्यापेक्षा म्हातारा दिसतो. खोलीत गेला आणि पलंगाशेजारी जमिनीवर बसला. मी म्हटलं, वर बस. तो म्हणाला, “थोड्या वेळाने.” एका छोट्या दिव्याची सोय केलीय, रात्रभर तेवणारा. तो मालवायचा कधी ते त्याचं तो ठरवेल.

चारच्या सुमाराला लेक आली. एकटीच. उंबऱ्यात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरातून ओरडली, “मामा, चहात साखर किती?”

तो माझ्याकडे बघायला लागला. ती पुन्हा ओरडली, “अहो मामा, किती?”

“मला... दोन,” तो म्हणाला. घाबरत, पण म्हणाला.

आज सकाळी तो दुकानासमोरून गेला. मी बरोबर येऊ का विचारलं, नको म्हणाला. परत आला तो थेट खोलीत. तासाभराने बाहेर येऊन म्हणाला, “आतून ती म्हणाली, उद्या लवकर ये, आज उशीर झाला.” मग त्याने सुरी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली, म्हणून कांदा मीच चिरला.

१२ एप्रिल

उद्या इस्पितळात जायचं. परवा झडप. लेकीनेच सगळं ठरवलं, डॉक्टरांशी तिचं मार्चपासून बोलणं चालू होतं म्हणे. मला काय ठाऊक! तरी जाण्याआधी काही गोष्टी लिहून ठेवते. वही टेबलावरच राहील.

घराची एक किल्ली धाकट्याची. गळ्यात अडकवू नये, खिशात ठेवावी. हरवली तर दुसरी करावी, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

खिडकीजवळचं टेबल शिंपी मास्तरांना. त्यांच्या दुकानात उजेड नाही, आणि टेबलाला उजेडाची सवय आहे.

बांगड्या आणि निळी शाल लेकीला. जाड शाल धाकट्याला, त्याला थंडी सोसत नाही, हे तो कबूल करणार नाही.

इस्त्री खालच्या फळीवर ठेवलीय. ज्याला कपड्यांना करायची त्याने करावी.

माझं पत्र मंडळाने फायलीतून परत पाठवलंय, माझ्या पत्त्यावर. ते माझं नाही. पाकिटावर टाचणीचं नाव घातलंय. धाकट्याने सकाळी जाताना द्यावं. तिला नको असेल तर परत आणू नये, तिथेच ठेवून यावं.

अधिकारी बाई काल एक कोरा अर्ज विसरून गेल्या. दुसऱ्या हमीदाराचा. मी फोन केला तर म्हणाल्या, असू दे, घरात ठेवा. तो लेकीसाठी ठेवला आहे. बाळा, तुझ्यावर काही सक्ती नाही. तुझी भीती खोटी नाही, मलाही होती. सही करावीशी वाटली तर कर, आणि तारीख घाल, तारखेशिवाय कार्यालय घेत नाही. नाही केलीस तर मामाला ते तू स्वतः सांग, समोर बसून. तो ऐकून घेईल. पण चहा आधी दे. दोन चमचे.